पोरीनं काय चोरी केली?

मुरुमच्या एस. टी. स्टँडावर गाडी येऊन लागली, की पूर्वी तुमच्यापैकी पुष्कळांना शेजारच्याला विचारावं लागे, "दादा, ही गाडी कुठली?" कोणी नीट सांगे. कोणी हसे. कोणी मुद्दाम भलतंच सांगे. आता तुम्ही पाटीवरचं नाव वाचता आणि गाडीत चढता. उमरगा म्हणजे उमरगा, अक्कलकोट म्हणजे अक्कलकोट. अक्षर आलं की माणसाची धास्ती किती कमी होते, हे आम्ही तुम्हाला काय सांगावं? ते तुम्हीच आम्हाला सांगितलं आहे.

मुरुमच्या आसपासच्या एका गावात आमचा रात्रीचा वर्ग भरतो. एके दिवशी आम्ही वर्गात एक चित्र नेलं होतं. चित्रात एक लहानशी काळी मुलगी आहे. अंगात पांढरा स्वच्छ फ्रॉक, केसांना पांढरी फीत, हातात वही आणि पट्टी. तिच्या पुढे दोन आणि मागे दोन असे चार दांडगे गोरे पुरुष चालले आहेत. त्यांच्या दंडांवर पिवळ्या फिती आहेत. मागच्या भिंतीवर कोणीतरी टोमॅटो फेकून मारलेला आहे. त्याचा लाल ओघळ खाली आला आहे. त्याच भिंतीवर एक घाणेरडी शिवीही लिहिलेली आहे.

सगळे चित्राकडे बघत राहिले. एक जण म्हणाला, "गुरुजी, ह्या माणसांना मुंडकी का नाहीत?" खरंच, चित्रकारानं त्या चौघांची डोकी काढलेलीच नाहीत. खांद्यापर्यंतच माणसं आहेत. पूर्ण अशी फक्त ती मुलगी आहे.

मग उंबऱ्याजवळ बसलेल्या एका मावशींनी विचारलं, "ह्या पोरीनं काय चोरी केली, म्हून तिला धरून चालवलंय?"

चोरी नव्हती. पोर शाळेला निघाली होती.

ही गोष्ट अमेरिकेतली आहे आणि खरी आहे. मुलीचं नाव रूबी ब्रिजेस. गावाचं नाव न्यू ऑर्लिन्स. दिवस होता १४ नोव्हेंबर १९६०. तिचं वय सहा वर्षांचं. तिच्या घराजवळ एक सरकारी शाळा होती, पण ती गोऱ्यांची. काळ्या मुलांनी लांबच्या, काळ्यांच्या शाळेत जायचं, असा तिथला रिवाज. कोर्टानं हुकूम दिला, की रूबीला या शाळेत घ्या. ती शाळेत जाऊ लागली, तर दारात शेकडो गोरे लोक जमले. बायाबापड्यासुद्धा. शिव्या देत होते, वस्तू फेकत होते. म्हणून दिल्लीहून जसा केंद्र सरकारचा बंदोबस्त येतो, तशी वॉशिंग्टनच्या सरकारनं आपली माणसं पाठवली. दंडावर पिवळ्या फिती असलेली ती हीच माणसं. ती पोरीला धरून नेत नव्हती. तिला कोणी मारू नये म्हणून बरोबर चालत होती.

पुढं काय झालं? गोऱ्या आईबापांनी आपापली मुलं शाळेतून काढून नेली. शाळेतल्या मास्तरणींपैकी एकच बाई तिला शिकवायला तयार झाल्या. बार्बरा हेन्री त्यांचं नाव. त्या बाईही गोऱ्याच. मोठ्या वर्गात एक बाई आणि एक पोर, असं जवळजवळ सगळं वर्ष गेलं. बाई मागाहून सांगत, की पोरीची एक दिवस शाळा बुडाली नाही. रूबीचे वडील पेट्रोल पंपावर काम करीत होते. त्यांची नोकरी गेली. आई जिथून किराणा घेई, त्या दुकानदारानं माल देणं बंद केलं. आजीआजोबा दुसऱ्या राज्यात गोऱ्याची जमीन बटईनं करीत होते. त्यांना जमिनीवरून हाकललं. एक पोर शाळेत घातली, त्याचा हा दंड!

वाळीत टाकणं म्हणजे काय, हे आपल्याकडं कोणाला समजावून सांगायला नको.

पण गोऱ्यांना एवढा राग का यावा? हे समजायचं, तर थोडं मागं जावं लागेल.

अक्षराची बंदी

तीन-चारशे वर्षांपूर्वी युरोपातल्या गोऱ्या व्यापाऱ्यांनी आफ्रिका खंडातून माणसं पकडून, विकत घेऊन, जहाजांत कोंबून अमेरिकेला नेली. तिथं कापसाच्या, ऊसाच्या आणि तंबाखूच्या शेतांवर त्यांना राबवलं. बैलाची जशी खरेदी-विक्री होते, तशी या माणसांची होई. माय एकीकडं विकली, लेकरू दुसरीकडं. मजुरी नाही. घर आपलं नाही. पोटचं पोरही आपलं नाही. याला गुलामगिरी म्हणतात.

आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या कित्येक राज्यांत असा कायदा होता, की गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणं हा गुन्हा! शिकवणाऱ्याला दंड, शिकणाऱ्याला फटके.

बैलाला कोणी अक्षर शिकवीत नाही, पण तशी बंदीही कोणी घालीत नाही. माणसालाच बंदी घालावी लागते. कारण माणूस वाचायला लागला, की तो विचारायला लागतो. मालकांना हे पक्कं ठाऊक होतं.

फ्रेडरिक डग्लस नावाचा एक गुलाम मुलगा होता. त्याचा जन्म १८१८ च्या सुमाराचा. नक्की तारीख त्यालाही कधी कळली नाही. बाल्टिमोर नावाच्या शहरात तो एका घरी कामाला होता. घरची मालकीण नवी होती, मनानं मऊ होती. तिनं त्याला मुळाक्षरं शिकवायला सुरुवात केली. नवऱ्याला हे कळलं. तो बायकोवर रागावला. त्याचं म्हणणं असं, की याला वाचता आलं तर हा आपल्या कामाचा राहणार नाही. झालं, शिकवणी बंद पडली.

पण डग्लसनं ते बोलणं ऐकलं होतं. त्यानं मनाशी ताडलं, की मालकाला ज्याची एवढी भीती वाटते, तेच आपल्या सुटकेचं दार असलं पाहिजे. मग त्यानं एक युक्ती केली. घरात त्याला पाव भरपूर मिळे. गल्लीतली गरीब गोरी पोरं भुकेली असत. तो त्यांना पाव देई आणि बदल्यात एक-एक धडा घेई. जहाजं बांधायच्या कारखान्यात लाकडांवर सुतार खुणेची अक्षरं लिहीत. कुठली फळी जहाजाच्या डाव्या अंगाची, कुठली उजव्या अंगाची, अशी ती खूण असे. डग्लस ती अक्षरं बघून गिरवी. मग एखाद्या गोऱ्या पोराला गाठून म्हणे, "तुझ्यापेक्षा मला जास्त अक्षरं येतात!" पोरगं चिडून आपली सगळी अक्षरं लिहून दाखवी. ती डग्लस शिकून घेई. पाटी म्हणजे भिंत आणि फरशी, पेन्सिल म्हणजे खडूचा तुकडा.

१८३८ साली तो पळाला आणि गुलामगिरीतून सुटला. १८४५ साली त्यानं स्वतःच्या हातानं आपली कहाणी लिहिली. पुस्तक छापून आलं, तेव्हा काही गोऱ्यांना विश्वास बसेना, की गुलाम असं लिहू शकतो.

पुढं अमेरिकेत आपसातलीच मोठी लढाई झाली. १८६५ साली घटनेत दुरुस्ती झाली आणि गुलामगिरी संपली. सुमारे चाळीस लाख माणसं मोकळी झाली. मोकळी झाल्यावर या माणसांनी काय मागितलं? जमीन मागितली आणि शाळा मागितली. जमीन बहुतेकांना मिळाली नाही. शाळा मात्र त्यांनी झाडाखाली, गोठ्यात, चर्चमध्ये, जमेल तिथं काढल्या. एकाच बाकावर नातू आणि आजी बसून तीच मुळाक्षरं म्हणत. आमच्या वर्गात पिकल्या केसांची माणसं पाटी धरताना लाजतात. त्यांना आम्ही हे आवर्जून सांगतो.

दोन बाहुल्या

तुम्ही म्हणाल, गुलामगिरी १८६५ साली संपली, मग १९६० साली पोरीला बंदोबस्त कशाला लागला?

त्याचं असं आहे. बेड्या तुटल्या, पण गोऱ्यांची मनं काही बदलली नाहीत. त्यांनी नवी तोड काढली. गाडीचा डबा वेगळा, पाण्याचा नळ वेगळा, शाळा वेगळी. १८९६ साली तिथल्या सर्वांत मोठ्या कोर्टानंही याला मान्यता दिली. कोर्ट म्हणालं, सोयी सारख्या असल्या म्हणजे झालं, वेगळ्या असल्या तरी चालतील. सोयी कसल्या सारख्या! काळ्यांच्या शाळेला पैसा कमी. गोऱ्यांच्या शाळेत वापरून फाटलेली पुस्तकं इकडं यायची. शाळा भरायची ती कापसाच्या वेचणीतून वेळ उरला तर.

पण समजा, सोयी खरंच सारख्या केल्या असत्या, तर चाललं असतं का? हाच खरा प्रश्न आहे.

केनेथ आणि मेमी क्लार्क नावाचं एक काळं जोडपं होतं. दोघंही मोठी विद्वान माणसं. त्यांनी लहान काळ्या मुलांपुढं दोन बाहुल्या ठेवल्या. सगळ्या बाबतीत सारख्या. फक्त एक गोरी आणि एक काळी. मग मुलांना विचारलं, "चांगली बाहुली कोणती? वाईट कोणती?" पुष्कळ मुलांनी गोरी बाहुली चांगली म्हणून दाखवली आणि काळी वाईट म्हणून. मग विचारलं, "यातली तुझ्यासारखी कोणती?" आता काय करावं? काही मुलं रडकुंडीला आली. जिला आत्ताच वाईट म्हटलं, तिच्याकडंच बोट दाखवायची पाळी आली होती.

कोणत्याही पुस्तकात हा धडा नव्हता. वेगळ्या बसवण्यानंच तो शिकवला होता.

दुसरी गोष्ट मोठ्या माणसाची. जॉर्ज मॅक्लॉरिन हे काळे गृहस्थ स्वतः शिक्षक होते. प्रौढ वयात आणखी वरचं शिकावं म्हणून ते १९४८ साली ओक्लाहोमाच्या विद्यापीठात गेले. कोर्टात भांडून प्रवेश मिळाला. पण विद्यापीठानं त्यांना वर्गाच्या बाजूच्या खोलीत बसवलं. तिथून दारातून फळा बघायचा आणि कान देऊन ऐकायचं. वाचनालयात वेगळं टेबल. जेवणघरात वेगळी वेळ. पुस्तकं तीच, मास्तर तेच, धडाही तोच. तरी हा अन्याय आहे, असं कोर्टानं १९५० साली ठरवलं. सगळ्या न्यायाधीशांचं एकमत झालं.

त्यानंतर १७ मे १९५४ रोजी मोठा निकाल लागला. एका लहान मुलीच्या वडिलांनी, आणि त्यांच्याबरोबर इतर अनेक आईबापांनी, दावे लावले होते. घराजवळची शाळा सोडून पोरीला रेल्वेचे रूळ ओलांडून लांब जावं लागे. त्यांचे वकील थर्गुड मार्शल काळे होते. पुढं १९६७ साली ते त्याच कोर्टात न्यायाधीश झाले. १९५४ च्या निकालात कोर्टानं सांगितलं, की मुलांना रंगावरून वेगळं बसवलं तर त्यांच्या मनात आपण हलके आहोत ही भावना बसते, आणि ती कदाचित कधीच निघत नाही. म्हणून वेगळी शाळा ही सारखी शाळा असूच शकत नाही.

निकाल कागदावर लागला. तो शाळेच्या दारापर्यंत पोचायला रूबीला सहा वर्षं लागली.

आपला आणि त्यांचा काय संबंध?

वर्गात एका बाप्पांनी असंच विचारलं. "कुठं अमेरिका, कुठं मुरुम! आपल्याला काय त्याचं?"

आम्ही त्यांना विचारलं, परंड्याचा किल्ला पाहिला आहे का? परंडा आपल्याच धाराशिव जिल्ह्यात. सन १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतलं. तेव्हा बुडत्या निजामशाहीला ज्यानं सावरलं आणि परंड्याला नवा सुलतान गादीवर बसवला, तो मलिक अंबर काळा होता. आफ्रिकेतल्या इथिओपिया देशातला. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला. आपल्याकडं अशा लोकांना हबशी किंवा सिद्दी म्हणत. त्याचा एक मालक शहाणा निघाला. त्यानं पोराची हुशारी ओळखली आणि त्याला लिहिणं, हिशेब, कारभार शिकवला, असं इतिहासकार सांगतात. त्या शिकलेल्या पोरानं पुढं जमिनीच्या साऱ्याची अशी घडी बसवली, की तिचं नाव पुढं कित्येक पिढ्या निघत राहिलं. खडकी नावाचं शहर वसवलं, तेच पुढं औरंगाबाद झालं आणि आता छत्रपती संभाजीनगर. १६२६ साली तो वारला. खुलताबादला त्याची कबर आहे. अमेरिकेतल्या मालकांनी ज्या विद्येला बंदी घातली, ती एका काळ्या पोराला मिळाली, तर काय झालं, ते आपल्याच मुलखानं पाहिलं आहे.

(हे लिहिताना एक गोष्ट मनात सलते. पुण्यात आज आफ्रिकेतून पुष्कळ मुलं-मुली शिकायला येतात. त्यांना खोली भाड्यानं देताना लोक नाकं मुरडतात, रस्त्यात "हबशी" म्हणून हाका मारतात. २०१७ साली दिल्लीजवळ ग्रेटर नोएडात तर नायजेरियाच्या विद्यार्थ्यांना जमावानं मारलं. आणि आपल्या घरात सून बघताना पहिला प्रश्न काय असतो? "पोरगी गोरी आहे का?" क्लार्क जोडप्याच्या बाहुल्या आपल्याकडं आणल्या तर आपली लेकरं कुठल्या बाहुलीकडं बोट दाखवतील, हे आम्हाला नीट माहीत आहे.)

आता आपल्या शाळांकडं वळू. आपल्याकडं रंगावरून नव्हे, जातीवरून वेगळं बसवीत. रंग डोळ्यांना दिसतो, जात दिसत नाही. पण गावात कोणाची जात कोणाला ठाऊक नसते? काळ्या माणसाला गोरा मालक विकत घेई. अस्पृश्याला कोणी विकत घेत नसे, पण त्याची सावलीही नको असे. दोन्ही दुःखं एक नाहीत. शाळेच्या दारात मात्र ती एकमेकांच्या शेजारी येऊन उभी राहतात.

जोतीराव फुल्यांच्या हे पूर्वीच लक्षात आलं होतं. १८४८ साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई शिकवायला जात, तर लोक त्यांच्या अंगावर शेण आणि दगड टाकीत. रूबीच्या भिंतीवरचा टोमॅटो आठवतो ना? पुढं १८५२ साली जोतीरावांनी महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढली. १८५५ साली त्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग समाजाच्या लहान मुलीनं महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. त्याच साली जोतीरावांनी आपल्या घरी शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा सुरू केली. म्हणजे तुमच्या वर्गाची पणजीच म्हणा ना!

१८५६ साली धारवाडला एका महार मुलानं सरकारी शाळेत प्रवेश मागितला. त्याला घेतलं नाही. त्यानं मुंबई सरकारकडं अर्ज केला. सरकार म्हणालं, तुझं म्हणणं न्यायाचं आहे, पण तुला घेतलं तर बाकीची मुलं जातील. रूबीच्या शाळेत शंभर वर्षांनी जे घडलं, त्याचीच ही भीती. फरक इतकाच, की तिथं सरकार मुलीबरोबर चाललं, इथं मागं सरलं.

१८७३ साली जोतीरावांनी 'गुलामगिरी' नावाचं पुस्तक लिहिलं. ते कोणाला अर्पण केलं, ठाऊक आहे? अमेरिकेतल्या ज्या भल्या लोकांनी काळ्यांना गुलामीतून सोडवायला मदत केली, त्यांना. त्या काळी तार नुकती आली होती, रेडिओचं नावही नव्हतं. पण पुण्यातल्या माळ्याच्या घरातून समुद्रापलीकडच्या शेतावरचा गुलाम दिसत होता. बाप्पांच्या प्रश्नाचं उत्तर जोतीरावांनी तेव्हाच देऊन ठेवलं आहे.

मग भीमराव आंबेडकर. साताऱ्याच्या शाळेत ते वर्गात एका कोपऱ्यात वेगळे बसत. बसायला गोणपाटाचा तुकडा. तो शाळेचा शिपाई शिवायचा नाही. म्हणून रोज संध्याकाळी तो घरी न्यायचा आणि सकाळी पुन्हा आणायचा. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. शिपायानं नळ सोडला तर पाणी. शिपाई नसला तर पाणी नाही. मॅक्लॉरिन आणि भीमराव यांच्यामध्ये अर्धी पृथ्वी आणि पन्नास वर्षं आहेत. पण एकाची बाजूची खोली आणि दुसऱ्याचं गोणपाट, यांत आम्हाला काही फरक दिसत नाही.

हाच मुलगा १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला. तिथं कोणी जात विचारली नाही. इतरांबरोबर बाकावर बसला, इतरांबरोबर जेवला. गंमत बघा, ज्या देशात काळ्यांना वेगळं बसवीत, त्याच देशात आपल्या अस्पृश्याला सारखं बसायला मिळालं. बाबासाहेबांना हे दिसत होतं. काळ्यांच्या प्रश्नाचा त्यांनी पुढंही अभ्यास ठेवला. १९४६ साली त्यांनी काळ्यांचे मोठे विद्वान पुढारी डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहिलं. काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडं अर्ज केला होता. त्या अर्जाची प्रत बाबासाहेबांनी मागवली होती. ड्युबॉइस यांचं आपुलकीचं उत्तरही आलं.

एक गोष्ट विशेष सांगायची. वेगळ्या शाळा हाच अन्याय आहे, हे अमेरिकेच्या कोर्टाला १९५४ साली उमगलं. आपल्या कोल्हापूरच्या शाहू महाराजांना ते १९१९ सालीच उमगलं होतं. त्या साली त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद केल्या आणि ती मुलं सर्वांच्या शाळेत घ्या, असा हुकूम काढला. हा हुकूम अमेरिकेपेक्षा पस्तीस वर्षं आधीचा आहे.

आपला मुलूख मात्र तेव्हा निजामाच्या राज्यात होता. शाळा थोड्या. वरच्या वर्गात शिकायचं ते उर्दूतून. मराठी बोलणाऱ्या कुणब्याच्या पोरालाही शाळा परकी वाटे, तिथं गावकुसाबाहेरच्याची काय कथा! फेब्रुवारी १९४१ मध्ये बाबासाहेब आपल्या जिल्ह्यात कसबे तडवळे इथं महार-मांग वतनदारांच्या परिषदेला आले होते. १९४८ साली निजामाचं राज्य गेलं. १९५० साली बाबासाहेबांच्या संस्थेनं औरंगाबादेत कॉलेज काढलं. तेच मिलिंद महाविद्यालय. मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतली कितीतरी गरीब पोरं तिथं जाऊन शिकली. त्याच मिलिंदमध्ये म. ना. वानखेडे प्राचार्य होते. ते स्वतः अमेरिकेत शिकून आले होते. काळ्यांनी आपलं दुःख आपल्या लेखणीनं कसं लिहिलं, हे त्यांनी इथल्या तरुणांना सांगितलं. त्यातून दलित साहित्याला जोर चढला. आपल्या शेजारच्या लातूरचे प्राचार्य जनार्दन वाघमारे यांनी तर अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या साहित्यावर आणि संस्कृतीवर मराठीत पुस्तकच लिहिलं. १९७२ साली मुंबईत 'दलित पँथर' निघाली. ते नावही अमेरिकेतल्या काळ्यांच्या 'ब्लॅक पँथर' संघटनेवरूनच घेतलं होतं.

आज

आज आपल्या घटनेच्या १७ व्या कलमानं अस्पृश्यता नष्ट केली आहे. सरकारी किंवा सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्म, वंश, जात किंवा भाषा यांवरून कोणालाही प्रवेश नाकारता येत नाही, असं २९ वं कलम सांगतं. २००९ च्या कायद्यानं सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला फुकट शिक्षणाचा हक्क आहे. शाळेत मुलाला जातीवरून वेगळं बसवलं, वेगळ्या रांगेत जेवायला वाढलं, त्यालाच झाडू मारायला लावला, तर तो गुन्हा आहे. मुख्याध्यापकांना सांगा. शाळा व्यवस्थापन समितीत सांगा. या समितीत चारांत तीन माणसं पालक असावी लागतात आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. म्हणजे ती समिती तुमचीच आहे. तिथं भागलं नाही तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्ज लिहायला आता तुम्हाला दुसऱ्याच्या पाया पडायला नको.

इतकं सांगून झालं. आमचं लक्ष त्या मावशींकडं गेलं. त्या पहिल्या दिवसापासून उंबऱ्याजवळ बसत. आम्ही कधी तसं सांगितलं नव्हतं. पण "आत या" असंही सांगितलं नव्हतं. वारा येतो म्हणून बसत असतील, असं आम्ही आपल्या मनाशी ठरवून टाकलं होतं. दोन महिने! चूक आमची होती. आम्ही ती वर्गात बोलून दाखवली आणि सतरंजी फिरवून घातली. आता सगळे गोल बसतात. पहिल्या दिवशी दोघांना हे रुचलं नाही. त्यातला एक दुसऱ्या दिवसापासून आला नाही. दुसरा येतो.

मावशींना मात्र त्या पोरीचीच काळजी होती. त्यांनी विचारलं, "मग तिच्या शेजारी बसायला पहिल्यांदा कोण आलं?"

ते असं झालं. वर्षाच्या मध्यावर काही गोरी मुलं शाळेत परत आली होती. पण मुख्याध्यापिका त्यांना दुसऱ्या खोलीत ठेवीत होत्या. रूबीला त्यांचे आवाज ऐकू यायचे, दिसत कोणी नसे. हेन्रीबाईंना हे कळलं, तेव्हा त्या मुख्याध्यापिकेशी भांडल्या. म्हणाल्या, कायद्यानं दोघांना एकत्र शिकवायचं आहे. शेवटी त्यातली काही मुलं रोज थोडा वेळ रूबीच्या वर्गात येऊ लागली. पुढच्या वर्षी रूबी दुसरीत गेली, तेव्हा दारात गर्दी नव्हती. बरोबर बंदोबस्तही नव्हता. वर्गात काळी आणि गोरी पोरं शेजारी-शेजारी बसलेली होती.